संघाबाहेरच्या मुलांचे मैदान

भारतात खेळाडूसाठी १९६१ पासून अर्जुन पुरस्कार आहे, मार्गदर्शकासाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे, महाराष्ट्रात शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार आहेत आणि वरच्या पातळीवरील स्पर्धांत खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुणही मिळतात. परंतु या गौरवाचे मोजमाप मुख्यतः पदक, चषक आणि स्पर्धेची पातळी यांवरच होते. शाळेचा मुख्याध्यापक या चौकटीत सहसा येत नाही. १९५८ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी मुख्याध्यापकांचाही विचार होतो, तथापि तेथे एकूण शैक्षणिक कार्य पाहिले जाते आणि त्या कार्यात मैदानाला किती वजन द्यावे हे निवड करणाऱ्यांवर सोडलेले असते. वस्तुतः चारशे मुलांच्या शाळेत संघात निवडली जाणारी पंधरा-वीस मुले बाजूला ठेवली, तर उरलेली तीनशे ऐंशी मुले दिवसभरात घाम येईपर्यंत हालचाल करतात की नाही, हे क्रीडाशिक्षकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मुख्याध्यापकाच्या निर्णयांवर ठरते. हे ओळखून शारीरिक शिक्षणाच्या वाटेने मुलांचे स्वास्थ्य जपणाऱ्या शाळाप्रमुखांना आणि त्यांच्या शाळांना मान देण्याच्या काही पद्धती अलीकडे रूढ झाल्या आहेत, आणि त्यांचे यश व त्यांतील खाचखळगे हे दोन्ही पाहण्याजोगे आहेत.

या चर्चेत वारंवार येणाऱ्या शब्दांचे अर्थ प्रथम वेगळे केले पाहिजेत. व्यायाम म्हणजे शरीर सुदृढ राखण्यासाठी केलेले श्रम. क्रीडा म्हणजे नियम, प्रतिपक्ष आणि हारजीत असलेला खेळ. आणि शारीरिक शिक्षण म्हणजे शरीर कसे वापरावे, तोल कसा सांभाळावा, दुसऱ्याबरोबर कसे खेळावे आणि हरल्यावर कसे वागावे हे शिकविणारा शालेय विषय. मराठी शाळांमध्ये या विषयाला आजही ‘पीटीचा तास’ म्हणतात. ‘पीटी’ म्हणजे कवायतीच्या धर्तीचे शारीरिक प्रशिक्षण. विषयाचे नाव केव्हाच बदलले, पण जुने नाव जिभेवर राहिले आणि त्याबरोबर रांगेत उभे राहून हात वर-खाली करण्याची कल्पनाही बऱ्याच अंशी राहिली. युनेस्कोने १९७८ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या सनदेत शारीरिक शिक्षण हा प्रत्येक व्यक्तीचा मूलभूत हक्क मानला आहे. याच विचाराशी जुळणारी ‘शारीरिक साक्षरता’ ही संज्ञाही पुढे आली असून, हालचाल करण्याची इच्छा, तसा आत्मविश्वास, त्यासाठीचे कौशल्य आणि आयुष्यभर ती चालू ठेवण्याची समज या चारही गोष्टी तिच्या अर्थात येतात. स्वास्थ्य हा शब्द तर मुळातच व्यापक आहे, कारण जो स्वतःत स्थिर आहे तो स्वस्थ. केवळ आजार नसणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर वर्गात कोपऱ्यात बसणारे, कोणाशीही न बोलणारे निरोगी मूल हिशेबातून सुटते.

हालचालीची गरज किती आहे याविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन स्पष्ट आहे: ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र, म्हणजे श्वास जोरात चालेल अशी हालचाल करावी. त्याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार २०१६ साली जगातील ११ ते १७ वर्षांच्या ८१ टक्के मुलामुलींची हालचाल या मर्यादेपेक्षा कमी होती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७७.६ टक्के, तर मुलींमध्ये ८४.७ टक्के होते. मुलांच्या जागेपणीच्या वेळेचा मोठा भाग शाळेत जातो आणि घरी अंगण नाही, गल्लीत वाहने आहेत अशा मुलांसाठी मोकळी जागा केवळ शाळेतच उरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर प्रथम शाळेकडे का मागितले जाते ते कळते.

शाळेत हे उत्तर ज्या निर्णयांनी घडते किंवा बिघडते, ते निर्णय दिसायला अगदी किरकोळ असतात. शारीरिक शिक्षण हा श्रेणी विषय असल्यामुळे, म्हणजे त्याचे गुण दहावीच्या टक्केवारीत धरले जात नसल्यामुळे, वेळापत्रकातील हा तास सर्वांत सहज हलविता येतो. जानेवारी उलटला की तो प्रथम गणिताला उसना दिला जातो, मग विज्ञानाला आणि पुढे सराव परीक्षेला, आणि हा उसना तास परत आल्याची नोंद शाळेच्या दप्तरात क्वचितच सापडते. खेळाच्या साहित्याचीही गोष्ट अशीच आहे. अनुदानातून आणलेले चेंडू, दोऱ्या आणि रिंगा जडसंग्रह नोंदवहीत चढविल्या जातात, एखादी वस्तू तुटली वा हरवली तर तिच्या निर्लेखनासाठी कागद रंगवावे लागतात, आणि ही खटपट नको म्हणून सारे साहित्य कुलूपबंद कपाटात नव्यासारखे राहते. चेंडू फुटला तर फुटू द्या, त्याचे मी पाहून घेतो, असे शिक्षकाला सांगण्याचा अधिकार ज्या एका व्यक्तीला आहे, ती म्हणजे मुख्याध्यापक. मैदान सुट्टीच्या दिवशी समारंभांना भाड्याने द्यावयाचे काय, दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत सकाळची मुले सुटताना आणि दुपारची येताना ते कोणी वापरावयाचे, मुलींच्या गणवेशात धावता येते की नाही, हे प्रश्नही अखेर त्याच टेबलावर येतात. कॅनडातील शिक्षणशास्त्रज्ञ केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय नेतृत्वावरील संशोधनाचा आढावा घेऊन असे मांडले की, मुलांच्या शिकण्यावर परिणाम करणाऱ्या शाळेतील घटकांमध्ये वर्गातील अध्यापनानंतर नेतृत्वाचाच क्रमांक लागतो. मैदानाच्या बाबतीत हा प्रभाव डोळ्यांना कमी दिसतो, कारण मुख्याध्यापक स्वतः शिट्टी घेऊन उतरत नाही. तो केवळ वाट मोकळी करतो किंवा अडवितो.

वाट मोकळी करण्याचे जगभर गाजलेले उदाहरण स्कॉटलंडमधील स्टर्लिंग या शहरातील आहे. तेथील सेंट निनियन्स प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांच्या लक्षात आले की शाळेतील मुले थोड्याशा धावण्यानेही थकून जात आहेत, आणि ही मुले आजारी नव्हती, केवळ सवय मोडलेली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी एका वर्गाला रोज पंधरा मिनिटे बाहेर सोडण्यास सुरुवात केली. सुमारे महिन्याभरात त्या वर्गातील मुले या वेळात एक मैल, म्हणजे साधारण १.६ किलोमीटर, अंतर पार करू लागली. पुढे इतर वर्ग सामील झाले आणि अखेरीस तो साऱ्या शाळेचा नित्यक्रम झाला. यालाच ‘द डेली माइल’, अर्थात रोजचा मैल, हे नाव पडले.

या उपक्रमाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण त्यात काय केले याइतकेच काय टाळले याला महत्त्व आहे. मुले गणवेशातच बाहेर पडतात, त्यामुळे एरवी शारीरिक शिक्षणाच्या तासातील बराच वेळ खाणारी कपडे बदलण्याची धांदल नाही. साहित्य लागत नाही, मैदान आखावे लागत नाही, शर्यत नाही आणि क्रमांकही नाहीत. प्रत्येकाने आपल्या चालीने धावावे, दम लागला तर चालावे, मैत्रिणीशी बोलत जावे, एवढेच अपेक्षित आहे. कोणत्या वेळी जावयाचे हे वर्गशिक्षक ठरवितात, म्हणजे गणिताच्या तासाच्या मध्यावर वर्ग पेंगू लागला तर त्याच क्षणी उठता येते. स्कॉटलंडमधील भुरभुर पाऊस आणि गार वारा यांना सुट्टीचे कारण मानले जात नाही. शिवाय हा उपक्रम शारीरिक शिक्षणाच्या तासाची जागा घेत नाही, तो त्याच्याखेरीज असतो. ही अट विसरली तर रोजचा मैल हे तास वाचविण्याचे साधन बनण्याचा धोका असतो, आणि शाळांना तास वाचविण्याची कला कोणी शिकवावी लागत नाही.

वायली यांना हे शक्य झाले, यामागे व्यक्तीइतकीच व्यवस्थाही होती. स्कॉटलंडच्या अभ्यासक्रमात आरोग्य व स्वास्थ्य हे भाषिक साक्षरता आणि अंकज्ञान यांच्या बरोबरीने प्रत्येक शिक्षकाचे उत्तरदायित्व मानले आहे, आणि प्राथमिक शाळांनी आठवड्याला किमान दोन तास शारीरिक शिक्षण द्यावे असे उद्दिष्टही आहे. त्यामुळे वर्ग घेऊन बाहेर पडलेल्या शिक्षकाला अभ्यास बुडविल्याचा जाब द्यावा लागत नाही. वायली २०१५ मध्ये निवृत्त झाल्या. त्याच वर्षी त्यांना ‘प्राइड ऑफ ब्रिटन’ हा लोकप्रिय गौरव मिळाला आणि पुढे ‘एमबीई’ हा ब्रिटिश राजसन्मानही त्यांना देण्यात आला. एका प्राथमिक शाळेच्या प्रमुखाला, ज्या शाळेने कोणताही विश्वविक्रम केला नव्हता अथवा ऑलिंपिकपटू घडविला नव्हता, केवळ सर्व मुलांना रोज पंधरा मिनिटे बाहेर काढल्याबद्दल हा मान मिळाला, यात या गौरवाचे वेगळेपण आहे. गौरवाचा लाभही व्यक्तीपुरता राहिला नाही: उपक्रमाला प्रसिद्धी मिळाली, स्कॉटलंडच्या सरकारने तो देशभर नेण्याचे धोरण स्वीकारले आणि इतर देशांतील हजारो शाळांनी तो उचलला.

अर्थात पुरस्कार आणि पुरावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्टर्लिंग आणि एडिंबरो विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजचा मैल चालविणारी एक शाळा आणि तो न चालविणारी दुसरी शाळा यांतील ३९१ मुलांची तुलना केली. उपक्रमाच्या शाळेतील मुलांची मध्यम ते तीव्र हालचाल दुसऱ्या शाळेच्या तुलनेत दिवसाला ९.१ मिनिटांनी वाढली, बैठा वेळ १८.२ मिनिटांनी घटला, आणि वीस मीटर अंतरावरील दोन रेषांमध्ये वाढत्या गतीच्या ठोक्यांबरोबर धावण्याच्या चाचणीत ही मुले सरासरी ३९.१ मीटर अधिक धावली. परंतु शाळा केवळ दोनच होत्या आणि कोणत्या शाळेने उपक्रम घ्यावा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. बर्मिंगहॅम परिसरात ४० प्राथमिक शाळांतील २,२८० मुलांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत, म्हणजे ज्या अभ्यासात उपक्रम कोणी घ्यावयाचा हे सोडतीने ठरते अशा चाचणीत, वर्षभरानंतर मुलांच्या शरीरवजन निर्देशांकात एकंदरीत लक्षणीय फरक आढळला नाही. मुलींमध्ये तेवढा लहानसा अनुकूल बदल दिसला. दुसरीकडे, बीबीसीच्या साहाय्याने झालेल्या आणि पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांनी भाग घेतलेल्या एका अभ्यासात, आपल्या चालीने पंधरा मिनिटे धावून-चालून आलेली मुले नुसती बाहेर बसून वा उभी राहून आलेल्या मुलांपेक्षा अधिक ताजीतवानी आणि प्रसन्न असल्याचे दिसले, तर दमछाक होईपर्यंत धावलेल्या मुलांना हा लाभ तेवढा झाला नाही. तात्पर्य, स्थूलपणा घटविण्याचे आश्वासन देऊन अशा उपक्रमांचा गौरव करणे चुकीचे ठरेल. मुलांची हालचाल, दमसास आणि मनःस्थिती यांबाबतचा दावा मात्र बराच भक्कम पायावर उभा आहे.

इंग्लंडने व्यक्तीऐवजी शाळेला मान देण्याची पद्धत अधिक विस्ताराने बसविली. तेथील ‘स्कूल गेम्स मार्क’ या मानांकनात कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत, आणि ती मिळविताना संघांची संख्या व सामने यांच्या जोडीने कमी हालचाल करणाऱ्या मुलांना शाळेने कसे ओढून घेतले, मुलांना पंच, संयोजक अशा जबाबदाऱ्या दिल्या काय, हेही विचारले जाते. या मानामागे पैसाही आहे. प्राथमिक शाळांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेला क्रीडा व शारीरिक शिक्षण निधी २०१७ मध्ये दुप्पट होऊन वर्षाला ३२ कोटी पौंड झाला. ही वाढ साखरयुक्त शीतपेयांवरील कराच्या आधारे करण्यात आली. सतरा वा अधिक पात्र विद्यार्थी असलेल्या शाळेला १६,००० पौंड आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० पौंड, या हिशेबाने दोनशे मुलांच्या शाळेला १८,००० पौंड मिळतात. हा पैसा कसा खर्चिला, याचा तपशील शाळेने जाहीर करावयाचा असतो, आणि त्याबरोबरच सहाव्या वर्षातील, म्हणजे प्राथमिक शाळेच्या अखेरच्या इयत्तेतील, किती टक्के मुलांना २५ मीटर पोहता येते हेही सांगावे लागते. पोहण्याचा हा आकडा वरवर क्षुल्लक वाटतो, पण साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मार्मिक मोजमाप तेच आहे, कारण त्यात शाळेचा सर्वोत्तम जलतरणपटू कोण हे कोणी विचारत नाही. ज्याला पाण्याची भीती वाटते असे शेवटचे मूलही आकड्यात आलेच पाहिजे.

भारतात याच्या जवळ जाणारी योजना म्हणजे ‘फिट इंडिया’ शाळा मानांकन. २९ ऑगस्ट २०१९ रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, फिट इंडिया चळवळीचा आरंभ झाला आणि पाठोपाठ शाळांसाठी ध्वज, तीन तारे आणि पाच तारे अशा तीन श्रेणी ठरविण्यात आल्या. ध्वजाच्या पहिल्या पायरीसाठीच शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक, दोन वा अधिक मैदानी खेळ खेळता येतील अशी जागा, प्रत्येक तुकडीला रोज शारीरिक शिक्षणाचा तास आणि सर्व विद्यार्थ्यांची दररोज ६० मिनिटांची हालचाल यांची अपेक्षा आहे, आणि वरच्या पायऱ्यांवर देशी खेळांनाही स्थान आहे. कागदावर या कसोट्या उत्तम आहेत. अडचण अशी की शाळेने संकेतस्थळावर स्वतःच आपली माहिती भरून दावा करावयाचा असतो, आणि रोजचा तास वेळापत्रकात असणे व तो प्रत्यक्ष होणे यांतील अंतर संगणकाला दिसत नाही. समग्र शिक्षा योजनेतून क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५,०००, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० आणि माध्यमिक शाळेला २५,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आवश्यक मानले आहे, परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथेच लागू होते; म्हणजे वाडीवस्तीवरील दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचा प्रभार सांभाळणारा शिक्षकच पोषण आहाराचा हिशेबनीस, वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक असतो. अशा शाळेने रोज लंगडी आणि आट्यापाट्या खेळविल्या, तर ते काम तरणतलाव असलेल्या शहरी शाळेच्या पाच ताऱ्यांहून मोठे आहे. दोघींना एकच फूटपट्टी लावणाऱ्या योजनेत ते कधीही पुढे येणार नाही.

मराठी प्रदेशाला ही कल्पना परकी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ उभारले, आणि या संस्थांनी व्यायामाला आखाड्याबाहेर काढून शिक्षणाशी जोडले. शिक्षकांना शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण देणारी कांदिवलीची संस्था १९३८ पासूनची. मल्लखांब, लेझीम, खो-खो आणि सूर्यनमस्कार ही या परंपरेची शाळांना मिळालेली देणगी आहे. विशेष म्हणजे लेझीम हा प्रकार रोजच्या मैलाच्या तत्त्वाला अगदी जवळचा आहे: त्यात शंभर मुले एकाच वेळी सामावतात, कोणी बाद होत नाही आणि घाम मात्र सगळ्यांना येतो. हीच लेझीम पुढे अनेक शाळांत पाहुण्यांच्या स्वागतापुरती, निवडक मुलामुलींची झाली, ही खेदाची गोष्ट आहे.

शाळाप्रमुखांच्या गौरवाची योजना आखणाऱ्यांपुढील मुख्य प्रश्न म्हणूनच निकषांचा आहे. प्रस्तावासोबत छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे मागितली, तर छायाचित्रे काढली जातात. पदकांची यादी मागितली, तर बारा गुणी मुलांवर सारे वर्ष खर्च होते. मुख्याध्यापकांच्या बदल्या आणि निवृत्ती यांमुळे उपक्रम व्यक्तीबरोबर निघून जाण्याची शक्यता असते, तेव्हा गौरव एका वर्षाच्या कामगिरीवर न करता प्रमुख बदलल्यानंतरही तास चालू राहिला काय, हे पाहून केलेला बरा. सेंट निनियन्सचा उपक्रम वायलींच्या निवृत्तीनंतर टिकला आणि पसरला, हाच त्यांच्या कामाचा अधिक खरा दाखला आहे. वयात येणाऱ्या मुली मैदानातून हळूहळू बाजूला होतात आणि अपंग मुलांना ‘तू बसून राहा, दप्तरे सांभाळ’ असे सांगितले जाते, या दोन गळतींची नोंद प्रस्तावात मागितल्याखेरीज ती कोणी आपणहून देणार नाही.

अशा तपासणीला मोठी यंत्रणा लागत नाही. शाळेला भेट देणाऱ्याला सत्कारासाठी मांडलेल्या चषकांच्या कपाटावरून नजर काढून फेब्रुवारीतील वेळापत्रक आणि त्या महिन्याची तासिका नोंदवही शेजारी शेजारी ठेवता येते, क्रीडा साहित्याच्या कपाटाची चावी कोणाकडे असते हे शिपायाला विचारता येते, कपाटातील चेंडूची शिवण उसवली आहे की तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे हे पाहता येते, आणि कोणत्याही संघात नसलेल्या आठवीतील एखाद्या मुलीला या आठवड्यात ती किती दिवस धावली, एवढे विचारता येते.